जुन्या आउटबोर्ड इंजिनाची इंधनवाट

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांक म्हटला की कविता, कथा, प्रवासवर्णने आणि चरित्रलेख हे आलेच. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात इंजिनाच्या कार्बुरेटरविषयी लिहावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. माझे बाबा दाभोळच्या खाडीत होडी चालवतात आणि काका होड्यांची इंजिने दुरुस्त करतात. त्यामुळे पुस्तकाची पाने हाती येण्याआधी माझ्या हाती आले ते नटबोल्टचे पाने. ज्या विषयाची थोडीफार प्रत्यक्ष माहिती आहे त्यावरच लिहावे, असे आमचे मराठीचे सर नेहमी सांगतात. त्यांचा उपदेश शिरोधार्य मानून हा लेख लिहीत आहे.

विषय एवढाच : जुने आउटबोर्ड इंजिन बंद पडले, तर त्याच्या इंधनव्यवस्थेचे भाग पुन्हा कामाजोगे कसे करायचे? काकांच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक भाग हाती घेतल्यावर एकच प्रश्न विचारायचा, “हे मेले की मळले?” मळलेले धुवायचे, मेलेले बदलायचे. या दोहोंतला फरक ओळखणे हीच खरी विद्या. बाकी सारे हातांच्या सवयीचे काम आहे.

आउटबोर्ड म्हणजे काय?

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे आणि काम झाले की काढून घरी न्यायचे, अशा इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात. वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात पंखा, अशी त्याची साधी रचना असते. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास असे इंजिन तयार केले होते. पण ते सामान्य माणसापर्यंत नेण्याचे श्रेय ओले एव्हिनरूड यांना दिले जाते. त्यांचा जन्म नॉर्वेत १८७७ साली झाला. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले आणि शेतावर वाढले. शाळेचे शिक्षण जेमतेम झालेल्या या माणसाने यंत्रशाळांत काम करत विद्या मिळवली आणि १९०९ मध्ये मिलवॉकी शहरात आपली इंजिने विकायला सुरुवात केली. जाहिरातीची व हिशेबाची बाजू त्यांच्या पत्नी बेस यांनी सांभाळली. पुढे १९२० च्या दशकाच्या आरंभी जॉन्सन बंधूंनी वजनाने हलके इंजिन बाजारात आणले. १९३६ मध्ये एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे एकाच कंपनीच्या छत्राखाली आली.

आपल्या विषयाशी जवळचे असे एक तिसरे नाव आहे. १९३९ साली कार्ल कीकहेफर यांनी विस्कॉन्सिन राज्यातील सीडरबर्ग येथील एक बुडीत कारखाना विकत घेतला. त्या कारखान्यात सुमारे ३०० सदोष आउटबोर्ड इंजिने पडून होती. ती गिऱ्हाइकाने नाकारून परत पाठवलेली होती. कीकहेफर यांनी ती भंगारात न काढता सुधारली आणि विकली. त्यातूनच ‘मर्क्युरी’ हे पुढे जगभर गाजलेले इंजिन जन्माला आले. दुरुस्ती हे हलके काम मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. परंतु जुनी इंजिने जपणारे लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि १९६५ पासून त्यांचा एक क्लबही आहे. ते हौसेने जपतात. आपल्याकडे खाडीकिनारी जुनी इंजिने टिकून आहेत ती मात्र गरजेपोटी. आपल्याकडे बहुतेक इंजिने जपानी आहेत. घडण वेगळी असली तरी जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाची इंधनवाट सगळीकडे जवळजवळ सारखीच असते.

पेट्रोलचा प्रवास

टाकीतून निघालेले पेट्रोल प्रथम गाळणीतून जाते. तेथून रबरी नळीतून हाताने दाबायच्या फुग्यात येते. या फुग्यात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून दाबल्यावर पेट्रोल पुढेच जाते. फुग्यावर बाण असतो आणि तो इंजिनाकडे रोखलेला असावा लागतो. त्यापुढे पंप. दोन-स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि खाली आला की दाब निर्माण होतो. या कमीजास्त दाबावर पंपातला पातळ पडदा आतबाहेर हलतो आणि पेट्रोल ढकलतो. त्याला वेगळा दांडा नाही की चाक नाही. इंजिनाच्या श्वासावरच तो चालतो म्हणा ना!

नंतर येतो कार्बुरेटर. त्याच्या तळाशी एक वाटी असते. वाटीत फ्लोट, म्हणजे तरंगणारा तुकडा असतो. वाटी भरली की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबरची सुई पेट्रोलची वाट बंद करते. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतला गोळा असलेला नळ ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वाटीतले पेट्रोल जेट नावाच्या पितळी तुकड्याच्या बारीक भोकातून वर चढते. कार्बुरेटरचा घसा मध्ये अरुंद असतो. तेथून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो, आणि पेट्रोल वर खेचले जाऊन तुषारांच्या रूपाने हवेत मिसळते. इंजिन मंद चालताना वेगळ्या, याहूनही बारीक वाटा काम करतात. त्या केसाइतक्या बारीक असल्यामुळे सर्वांत आधी त्याच बुजतात.

१९५० च्या दशकातील जॉन्सन व एव्हिनरूडच्या अनेक इंजिनांना पंपच नसे. टाकीला दोन नळ्या असत. एका नळीतून क्रँककेसमधला दाब टाकीत जाई आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल इंजिनाकडे येई. अशा टाकीच्या झाकणाचे रबर एवढेसे जरी चिरले, तरी दाब निसटतो आणि इंजिन बंद पडते. अशा वेळी कार्बुरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही. दोष टाकीच्या झाकणात असतो.

वाट बुजली तर काय होते?

एखादा म्हणेल, पेट्रोल कमी पोहोचले तर इंजिन हळू चालेल, एवढेच ना? तसे नाही. दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचा वेगळा साठा नसतो. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. १९५० च्या दशकातील त्या अमेरिकन इंजिनांसाठी २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल असे प्रमाण होते. पुढच्या काळात अनेक इंजिनांसाठी ते ५० भागांस १ भाग झाले. म्हणजे जेट अर्धे बुजले तर पेट्रोलबरोबर तेलही अर्धेच पोहोचते. त्यात मिश्रणात हवा जास्त झाल्याने उष्णताही वाढते. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. एका सूक्ष्म भोकातला कचरा सबंध इंजिनाचा जीव घेतो, तो असा. माहितीपुस्तकात ज्याला ‘हलके मिश्रण’ म्हणतात, त्याला काका “इंजिनाला तहान लागली” असे म्हणतात. प्लग काढून पाहिला की तहान कळते. त्याचे चिनी मातीचे टोक फिकट बदामी असले तर ठीक, पांढरेफटक असले तर इंजिन तहानलेले, आणि काळेओले असले तर पेट्रोल जास्त होते आहे.

आमच्या बाबांचे इंजिन १९८० च्या दशकातले आहे आणि ते त्यांनी माझ्या जन्मापूर्वी दुसऱ्याकडून घेतले. दोन वर्षांपूर्वी ते मंद वेगात नीट चाले, परंतु वेग वाढवला की घुसमटून बंद पडे. एका दुकानदाराने ते भंगारात देऊन नवे घेण्याचा सल्ला दिला. नवे इंजिन म्हणजे लाखाच्या वरची गोष्ट. घरात माझ्या फीचा आणि वसतिगृहाचा खर्च नुकताच सुरू झालेला. बाबा काही बोलले नाहीत, पण कर्ज काढायचे की माझे शिक्षण थांबवायचे, हा प्रश्न घरात सर्वांच्याच मनात होता. काकांनी प्लग पाहिला, फुगा दाबून पाहिला आणि म्हणाले, “आधी कार्बुरेटर उघडू. मेले की मळले ते बघू, मग ठरवू.” त्या पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना आम्ही दोघांनी पडवीत बसून ते काम केले. इंग्रजी माहितीपुस्तक मी वाचायचे आणि हात काकांनी चालवायचे, अशी वाटणी होती. पुढील क्रम त्याच कामातला आहे.

कामाचा क्रम

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंतही पोहोचते. म्हणून काम उघड्यावर करावे, जवळ विडीकाडी नसावी. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला झाळ लावण्याचे धाडस कोणीही करू नये. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक घातक असते.

कार्बुरेटर सोडवण्यापूर्वी मिश्रणाच्या सुया अलगद आत फिरवून त्या किती फेऱ्यांत टेकतात ते कागदावर टिपून ठेवावे. सुई जोराने आवळू नये. आवळल्यास तिच्या टोकाला चर पडतो आणि मग ती कधीच नीट बसत नाही. काढलेले भाग ताटात काढल्या क्रमाने मांडावेत. वाटी उघडली की पुष्कळदा आत गडद, चिकट थर दिसतो. पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेला हा राळेसारखा गाळ होय. हे झाले मळलेले. कार्बुरेटर धुण्याच्या द्रावणात भाग बुडवून ठेवले की तो सुटतो. त्याआधी रबराचे सर्व भाग काढून घ्यावेत, कारण द्रावण त्यांना फुगवते.

जेटच्या भोकात तार घालू नये. पितळ मऊ असते. तारेने भोक किंचित मोठे झाले, तरी कारखान्यात ठरवलेले प्रमाण कायमचे बिघडते. आम्ही गरीला बांधतो त्या तंगुसाचा बारीक धागा वापरला. तो कचरा ढकलतो, पण पितळ खरवडत नाही. नंतर पंपाने हवा मारून प्रत्येक वाट मोकळी झाल्याची खात्री करावी. एका टोकाने हवा मारली की ती दुसऱ्या टोकाने बाहेर आलीच पाहिजे. आमच्या इंजिनात मोठ्या वेगाचे जेट अर्ध्याहून अधिक बुजलेले होते. दुखणे तेथे होते.

खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ती मऊ ब्रशने घासून काढावी. भांडी उकळायचा कॉस्टिक सोडा येथे मुळीच चालत नाही, तो ॲल्युमिनियमच खाऊन टाकतो. पितळी तोटी मात्र आजीने आमसुलाने घासून दिली आणि देवघरातल्या समईसारखी लखलखीत केली. त्या दिवशी दुरुस्तीला घरातल्या तीन पिढ्या लागल्या होत्या.

आता मेलेल्या वस्तू. पंपाचा पडदा ताठ झाला असेल किंवा त्याला सुईच्या टोकाएवढे भोक असेल, तर तो बदलावाच. कडक झालेली नळी, चिरलेला फुगा, दबलेली गॅस्केटे हीही मेलेलीच. यांत काटकसर करू नये. हे भाग काही शेकड्यांत मिळतात आणि त्यांच्यामुळे जे वाचते ते हजारांचे असते. सुईच्या टोकावर गोल चर दिसला, तर सुई आणि तिची बैठक जोडीनेच बदलावी.

फ्लोट तपासण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. पितळी पोकळ फ्लोट गरम पाण्यात बुडवावा. त्यातून बुडबुडे आले तर तो फुटका आहे असे समजावे. बुचाचा असेल तर त्याच्यावरचा लेप शाबूत आहे की नाही ते पाहावे. लेप गेलेले बूच पेट्रोल पिते, जड होते व तरंगत नाही. मग सुई बंद होत नाही आणि कार्बुरेटर वाहू लागतो. जोडताना कार्बुरेटर उलटा धरून फ्लोट काठाशी समांतर राहतो का ते पाहावे. स्वच्छ नळी लावून पेट्रोलच्या वाटेत फुंकर मारावी. सुलटा धरल्यावर हवा गेली आणि उलटा धरल्यावर अडली, म्हणजे सुई बरोबर बसली.

टाकी आतून गंजलेली असेल तर थोडे रॉकेल व मूठभर स्वच्छ खडी घालून ती खळखळवावी. एक खडाही आत राहू न देता ती धुवावी आणि पूर्ण वाळवावी. टाकी तशीच ठेवून नुसता कार्बुरेटर धुणे म्हणजे विहीर गढूळ ठेवून घागर घासण्यासारखे आहे.

शेवटी इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उभे करून चालवावे. कोरडे चालवल्यास थंड पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबर जळते. सुया टिपून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणाव्यात आणि इंजिन तापल्यावर थोड्या थोड्या फिरवून आवाज एकसारखा करावा. या शेवटच्या टप्प्यात माहितीपुस्तक मिटले आणि काकांचा कान उघडला, असे मला प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते.

पेट्रोलच बदलले आहे

येथवर वाचून कोणी म्हणेल की जुना भाग होता तसाच पुन्हा बसवला, की काम झाले. परंतु आज तेवढ्याने भागत नाही, कारण पेट्रोल पूर्वीचे राहिलेले नाही. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांपर्यंत आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हे अल्कोहोल आहे. जुन्या बुचाच्या फ्लोटवर लाखेचा लेप असे. आपला सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश तयार करतो, हे आपण पाहिले आहे. हे स्पिरिटही अल्कोहोलच. म्हणजे जो लेप शुद्ध पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षे टिकला, तोच आज टाकीतल्या अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि त्याचा चिकट अंश जेटमध्ये जाऊन बसतो. म्हणून आज बुचाला लाख लावणे व्यर्थ होय. अमेरिकेतील जपणूकदार त्याऐवजी सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा लेप देतात, किंवा पेट्रोल न पिणाऱ्या नव्या पदार्थाचा फ्लोट बसवतात. जुन्या रबरी नळ्यांचीही तीच गत. नव्या इंधनाला टिकेल अशाच रबराची नळी मागून घ्यावी.

दुसरा धोका पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. कोकणच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! पाणी एका मर्यादेबाहेर गेले की ते अल्कोहोलसह पेट्रोलपासून फुटून तळाशी बसते. वंगणाचे तेल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. टाकीतली खेचनळी तर तळाशीच असते. तेव्हा इंजिनाच्या घशात प्रथम जाते ते पाणी मिसळलेले, तेल नसलेले इंधन. त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे. यावर उपाय सोपा आहे. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करावी, नळी सोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि वाटीतला उरलेला थेंबही काढून टाकावा. वर्षानुवर्षांचा गाळ धुण्यापेक्षा पाच मिनिटांचे हे काम शहाणपणाचे.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांची तऱ्हा थोडी निराळी. ती पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घेतात आणि थांबवण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणतात. हा शेवटचा भाग आळसाने टाळला, तर वाटीत रॉकेल राहते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो.

उपसंहार

येथे मूळ रूप जपावे की काम जपावे, असा प्रश्न उभा राहतो. संग्रहालयात ठेवायच्या इंजिनाचा जुना फ्लोट, जुनी दाबाची टाकी तशीच ठेवणे योग्यच आहे, कारण ती इतिहासाची साक्ष आहे. परंतु ज्या इंजिनावर माणूस भरतीच्या वेळी खाडीच्या मुखाशी जातो, त्यात जुन्या आकाराइतकेच जुने कामही महत्त्वाचे. तेथे धातू जुना ठेवावा आणि रबर आजचे घ्यावे. त्याने इंजिनाचा मान कमी होतो असे मला वाटत नाही.

बाबांचे इंजिन तेव्हापासून दोन हंगाम चालले आहे. नवे इंजिन घेण्याचा प्रश्न निदान काही वर्षे तरी लांबला आणि माझी द्वितीय वर्षाची फी वेळेवर भरली गेली. काकांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. त्यांना जे ठाऊक आहे ते मराठीत कोणत्याही पुस्तकात मला सापडले नाही, आणि पुस्तकात जे होते ते इंग्रजीत असल्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना या दोन तीरांमध्ये थोडी तर चालवता आली, तरी शिकल्याचे सार्थक झाले असे मी समजतो.

किनाऱ्यावरून येणाऱ्या माझ्या मित्रांना एवढीच विनंती आहे. तुमच्या पडवीत किंवा माचाखाली गोणपाटात गुंडाळलेले एखादे जुने आउटबोर्ड असेल, तर ते भंगारवाल्याच्या तराजूत घालण्याआधी त्याचा कार्बुरेटर एकदा उघडून पाहा. त्याचा धातू बहुधा शाबूत असेल. वाट मात्र बुजलेली असेल, आणि ती मोकळी करायला एक तंगूस, थोडे द्रावण आणि एका पावसाळी दुपारची सवड पुरेशी आहे.